जुन्या लॅपटॉपवर चालणारा पेनड्राइव्ह नव्या पीसीवर का अडतो

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही धागा लागेल. तुम्ही पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने पीसी जोडलात. डीडीआर५ रॅमच्या १६ जीबीच्या दोन पट्ट्या, १ टीबीची कोरी एनव्हीएमई एसएसडी. बटण दाबलं की पंखे फिरतात, बायोस, म्हणजे बोर्डातला सेटिंग्जचा प्रोग्राम, उघडतो. पण विंडोज ११ टाकायला पेनड्राइव्ह लावला की क्षणभर काळी स्क्रीन आणि पुन्हा बायोसच. बूटच्या यादीत एसएसडीचं नावच नाही. मदरबोर्डवरचा 'बूट' लिहिलेला दिवा पेटून राहिला आहे. तोच पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपवर मात्र मुकाट चालतो. त्यामुळे संशय मशीनवर गेला, तुम्ही रॅम काढून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावली, आणि आता स्क्रीनवर काहीच येत नाही. दोन मिनिटं थांबून स्विच बंद केलात. आता विचारताय की मदरबोर्ड परत पाठवू की रॅम?

माझ्या मते दोन्ही ठणठणीत आहेत आणि बिघाड पेनड्राइव्हमध्ये आहे. रॅम हलवल्यावर जे झालं ते त्यावर तुम्ही स्वतः चढवलेलं दुसरं गाठोडं आहे. ते आधी सोडवू.

'पीसी सुरू होत नाही' हे वाक्य फार फसवं आहे, कारण त्यात निदान चार वेगळे आजार लपतात. मशीनला वीजच न मिळणं हा एक. वीज मिळून प्रोसेसर-रॅमची सुरुवातीची तपासणी, म्हणजे पोस्ट, पूर्ण न होणं हा दुसरा. पोस्ट होऊन बूट करण्याजोगं काहीच न सापडणं हा तिसरा. आणि इन्स्टॉलर सुरू होऊनही त्याला डिस्क न दिसणं किंवा तो मधेच अडखळणं हा चौथा. यातल्या तिसऱ्यावर दुसऱ्याचं औषध दिलं तर आजार बरा होत नाहीच, वर दुसरा जडतो. तुम्ही नेमकं तेच केलंत. बायोसचा स्क्रीन दिसत होता, त्यात रॅमची पूर्ण ३२ जीबी क्षमता दिसत होती, याचा अर्थ प्रोसेसर, रॅम, बोर्ड, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) आणि डिस्प्ले या सगळ्यांनी आपापली हजेरी लावली होती. तिथून पुढे कॅबिनेट उघडायचं कारणच नव्हतं.

आता रॅम. चार स्लॉटच्या बहुतेक बोर्डांवर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. बोर्डावर बारीक अक्षरांत ए२ आणि बी२ असं छापलेलं असतं. आधी त्या तिथे असतील तर परत तिथेच लावा. दोन्ही बाजूंची टोकं नीट बसल्याचा 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. काही बोर्डांवर खटका एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरी बाजू अर्धवट राहिलेली कळत नाही. मग मशीन सुरू करून हात मागे बांधून बसा. डीडीआर५ ला पहिल्या वेळी, आणि रॅमची जागा बदलली, बायोस अपडेट केला किंवा सीमॉस (बायोसची सेटिंग्ज लक्षात ठेवणारी जागा) पुसला की प्रत्येक वेळी, प्रोसेसर प्रत्येक पट्टीशी सिग्नलची वेळ जुळवत बसतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर यात कित्येक मिनिटं जाऊ शकतात. रॅम जितकी जास्त तितका वेळ जास्त. त्या काळात स्क्रीन पूर्ण काळी असते, 'डीरॅम'चा दिवा पेटलेला असतो, कधी मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरूही होतं. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. दोन मिनिटांनी स्विच बंद केलात म्हणजे ते काम अर्ध्यावर तोडलंत, आणि पुढच्या वेळी त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. मी १५ मिनिटं लावून देतो आणि खोलीतून निघून जातो. समोर बसलं की हात शिवशिवतात.

पंधरा मिनिटांनंतरही काळोखच असेल तर एकच पट्टी ए२ मध्ये ठेवून तेवढाच वेळ द्या, मग दुसरी पट्टी त्याच जागी. तरीही काही नाही, तर सीमॉस पुसा: मेन स्विच बंद, एसएमपीएसची केबल काढलेली, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला चार्ज निचरून टाका, मग बोर्डावरच्या सीमॉसच्या दोन पिना पाच-दहा सेकंद स्क्रूड्रायव्हरने जोडा, किंवा सीआर२०३२ हा गोल सेल काही मिनिटं काढून ठेवा. बायोस परत दिसला की इथल्या गोष्टी पुन्हा छेडू नका.

मग दिव्याकडे वळू. बोर्डावर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट असे चार छोटे दिवे असतात. पोस्ट करताना मशीन ज्या टप्प्यावर असेल तो पेटतो आणि टप्पा पार झाला की विझतो. पहिल्या तिघांपैकी एखादा कायमचा पेटून राहिला तर ती खरी तक्रार. बूटचा दिवा पेटून राहणं याचा अर्थ एवढाच, की 'मला सुरू करण्यासारखी कुठलीही प्रणाली सापडली नाही'. कोऱ्या एसएसडीवर ती कुठून सापडणार? नव्या मशीनवर इन्स्टॉलेशन होईपर्यंत हा दिवा पेटलेला असणं हीच स्वाभाविक अवस्था आहे. दिवा पेटून राहिला की माणूस घाबरतो, इतकंच.

बूटच्या यादीत एसएसडी नसण्याचंही तसंच. जुन्या बायोसमध्ये जोडलेली प्रत्येक डिस्क यादीत दिसायची, रिकामी असली तरी. यूईएफआयमध्ये, म्हणजे बायोसच्या आजच्या पद्धतीत, त्या यादीत डिस्का नसतात, बूट करण्याजोग्या नोंदी असतात. विंडोज बसल्यावर तिथे 'विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ आपोआप येईल. एसएसडी खरंच ओळखली गेली आहे का हे बघायचं असेल तर बायोसच्या अॅडव्हान्स्ड भागात एनव्हीएमई कॉन्फिगरेशन किंवा स्टोरेज नावाचं पान शोधा. तिथे मॉडेल आणि क्षमता दिसली की तिला सोडून द्या. तिथेही नसेल तर मात्र उघडून बघायला हवं: एम.२ ची पट्टी, म्हणजे तुमची एसएसडी, तिरकी घालून मग खाली दाबून स्क्रूने बसवायची असते, आणि पूर्ण आत गेली नसेल तर सोनेरी पट्ट्यांची एक रेघ बाहेर दिसते. आणखी एक सापळा म्हणजे एम.२ आकारात साटा या, एनव्हीएमईहून जुन्या आणि हळू, पद्धतीच्या एसएसडीही मिळतात, आणि बोर्डावरचे कित्येक स्लॉट फक्त एनव्हीएमईच घेतात. दिसायला दोन्ही जवळपास सारख्या. बोर्डाच्या माहितीपुस्तकात स्लॉटनिहाय तक्ता असतो, एखादा एम.२ स्लॉट भरला की साटाचे कुठले पोर्ट बंद पडतात तेही तिथेच लिहिलेलं असतं.

आता मूळ मुद्दा. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात मोलाची ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: 'पेनड्राइव्ह जुन्या लॅपटॉपवर चालतो.' तुम्ही त्यावरून पेनड्राइव्ह चांगला, म्हणजे नवं मशीन वाईट, असा निष्कर्ष काढलात. मी नेमका उलट काढतो.

जुना लॅपटॉप बहुधा लेगसी पद्धतीने बूट होतो. ती पद्धत अगदी साधी: डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये जो छोटा प्रोग्राम लिहिला असेल तो उचलायचा आणि चालवायचा. आत फाइली कुठल्या स्वरूपात आहेत याच्याशी बायोसला देणंघेणं नसतं. यूईएफआय तसं करत नाही. तो पेनड्राइव्हवरचं फाइल-व्यवस्थेचं पार्टिशन (कप्पा) उघडतो, त्यात 'ईएफआय' नावाचं फोल्डर, त्यात 'बूट' नावाचं फोल्डर आणि त्यात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' ही फाइल शोधतो. सापडली तर चालवतो. नाही सापडली तर गुपचूप पुढे जातो, आणि पुढे काहीच नसलं की तुम्हाला बायोसमध्ये आणून सोडतो. ना चुकीचा संदेश, ना कारण. तुम्हाला जे दिसतंय ते हेच.

त्यात मेख अशी की ते पार्टिशन फॅट या जुन्या, साध्या फाइल-व्यवस्थेत असावं लागतं. यूईएफआयच्या नियमात फॅटच सक्तीचं आहे. विंडोजची नेहमीची फाइल-व्यवस्था एनटीएफएस वाचता येणारे बोर्ड थोडे. जुन्या लॅपटॉपवर रुफस या टूलने पेनड्राइव्ह बनवताना पार्टिशन स्कीममध्ये (डिस्कवर पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या पद्धतीत) जुनं एमबीआर आणि टार्गेट सिस्टममध्ये बायोस निवडलं गेलं असेल, तर पेनड्राइव्ह एनटीएफएसमध्ये तयार होतो. फाइली सगळ्या आत, अगदी ती ईएफआयची फाइलसुद्धा, पण नव्या बोर्डाला कपाटच उघडता येत नाही. एमबीआर की नवं जीपीटी यावर लोक हमरीतुमरीवर येतात, पण पेनड्राइव्हपुरतं बोलायचं तर फॅट३२ मध्ये बनवलेला एमबीआर पेनड्राइव्हही यूईएफआयवर बहुतेक वेळा सुरळीत चालतो. अडवणारी गोष्ट फाइल-व्यवस्था असते.

मग हाताने फॅट३२ करून आयएसओतल्या (डाउनलोड केलेल्या विंडोजच्या एकगठ्ठा फाइलमधल्या) फाइली आत कॉपी कराव्यात? जुन्या विंडोजसाठी ही युक्ती चालायची. आता आयएसओच्या सोर्सेस फोल्डरमधली 'इन्स्टॉल डॉट विम' ही फाइल ४ जीबीच्या वर गेली आहे आणि फॅट३२ मध्ये एका फाइलची कमाल मर्यादा ४ जीबीला एक बाइट कमी इतकी आहे. कॉपी तिथेच अडकते. काही जण ती एक फाइल वगळून बाकीच्या कॉपी करतात. मग इन्स्टॉलर सुरू तर होतो, पण बसवायला त्याच्याकडे विंडोजच नसते. आयएसओची अख्खी फाइल तशीच्या तशी पेनड्राइव्हवर टाकणारेही असतात. ते म्हणजे कुलपात किल्लीऐवजी किल्लीचा फोटो घालण्यासारखं.

सगळ्यात बिनघोर मार्ग मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलचा. निदान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लागतो, त्यावरचं सगळं पुसलं जातं, आणि ते टूल विंडोजची फाइल जास्त दाबलेल्या, ४ जीबीच्या आत बसणाऱ्या स्वरूपात ठेवत असल्यामुळे फॅट३२ चा प्रश्नच येत नाही. रुफस वापरायचं असेल तर पार्टिशन स्कीम जीपीटी आणि टार्गेट 'यूईएफआय, सीएसएम नाही' हे निवडा (सीएसएम म्हणजे नव्या बोर्डातली लेगसी बूटची सोय). रुफस तेव्हाही एनटीएफएस वापरू शकतो, पण सोबत एक छोटं फॅट पार्टिशन जोडतो आणि त्यातला लहानसा प्रोग्राम यूईएफआयला एनटीएफएस वाचायला मदत करतो. त्यामुळे पेनड्राइव्हवर दोन पार्टिशनं दिसली तर गोंधळून दुसरं पुसू नका. पुसणारे भेटले आहेत.

पेनड्राइव्ह शक्यतो दुसराच घ्या, निदान या वेळेपुरता. लावताना मागच्या बाजूला, थेट बोर्डावरच्या पोर्टमध्ये लावा. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत आतून एक केबल जाते, आणि नवशिक्याच्या जोडणीत ती अर्धवट बसलेली असण्याची शक्यता मला नेहमी जास्त वाटते. हब तर नकोच.

बूट करताना बायोसमधला क्रम बदलत बसू नका. मशीन सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबा: असुसच्या बोर्डांवर एफ८, एमएसआय आणि अॅसरॉकवर एफ११, गिगाबाइटवर एफ१२. यादीत पेनड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्या आधी 'यूईएफआय' लिहिलं आहे ते निवडा. हा फरक महत्त्वाचा आहे. दुसऱ्या ओळीवरून बूट केलंत तर इन्स्टॉलर लेगसी पद्धतीने सुरू होईल, विंडोज ११ ला ते पसंत नाही, आणि डिस्क आधीच जीपीटी असेल तर ती निवडायच्या वेळी 'ही डिस्क जीपीटी पद्धतीची आहे, इथे विंडोज बसवता येत नाही' अशी ओरड होईल. तेव्हा लोक डिस्क बदलायला धावतात. चूक झालेली असते दहा मिनिटांपूर्वीच्या त्या एका ओळीत. दोन ओळी दिसणं म्हणजे बोर्डात सीएसएम चालू आहे. ते बंदच करून टाका. जुनं ग्राफिक्स कार्ड लावलं असेल तर सीएसएम बंद केल्यावर स्क्रीन काळी पडू शकते, तेवढं ध्यानात ठेवा.

बायोसमध्ये असताना आणखी दोन-तीन गोष्टी बघून घ्या. फास्ट बूट बंद करा. काही बोर्डांवर तो चालू असला की सुरुवातीला यूएसबीकडे बघितलंच जात नाही. टीपीएम, म्हणजे किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची सोय, चालू करा. एएमडीवर त्याचं नाव एफटीपीएम आणि इंटेलवर पीटीटी असं असतं. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूटची (फक्त विश्वासू सही असलेलाच बूट प्रोग्राम चालवण्याची) क्षमता लागते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नव्या मशीनवर 'त्रास नको, १० च टाकू' ही पळवाट आता शहाणपणाची नाही. सिक्युअर बूट चालू राहू द्या. वेंटॉय (एकाच पेनड्राइव्हवरून अनेक आयएसओ चालवणारं टूल) वापरत असाल तर त्याची किल्ली एकदा नोंदवावी लागते, अन्यथा सुरक्षेचा नियम मोडल्याचा संदेश येऊन बूट थांबतं. रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी किंवा एक्स्पो मात्र आत्ता बंद. रॅम नेमून दिलेल्या साध्या वेगावर चालू दे, विंडोज बसली की मग हवा तो वेग द्या.

इन्स्टॉलर सुरू झाला की अर्धी लढाई जिंकलीत, आणि इथेच चौथा आजार भेटतो: 'विंडोज कुठे बसवायची' या पानावर यादी रिकामी. बायोसमध्ये एसएसडी दिसते, इथे दिसत नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून पुढे याचं नेहमीचं कारण व्हीएमडी. हे सेटिंग चालू असलं की एनव्हीएमई डिस्का इंटेलच्या एका वेगळ्या कंट्रोलरआड जातात आणि विंडोजच्या इन्स्टॉलरकडे त्याचा ड्रायव्हर नसू शकतो. अनेक डिस्का एकत्र जोडणारी रेड व्यवस्था करायची नसेल तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं सोपं. बंद करायचं ते आत्ताच. विंडोज बसवल्यावर हे सेटिंग उलटंसुलटं केलं तर बूट होताना निळी स्क्रीन येते. चालूच ठेवायचं असेल तर बोर्डाच्या संकेतस्थळावरून इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर घ्या, तो उलगडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' ने दाखवा. उलगडून म्हणजे आयएनएफ फाइल असलेलं फोल्डर हवं. डाउनलोड झालेली सेटअपची एक्सई फाइल इन्स्टॉलरला कळत नाही.

याच्याशी मिळताजुळता पण वेगळा एक संदेश आहे: 'तुमच्या संगणकाला लागणारा मीडिया ड्रायव्हर सापडत नाही.' शब्द ड्रायव्हरचे असले तरी मुळाशी बहुतेक वेळा अर्धवट लिहिलेला पेनड्राइव्ह किंवा कुरबुरणारा पोर्ट असतो. ड्रायव्हर शोधत रात्र काढण्याआधी पोर्ट बदला, मग पेनड्राइव्ह पुन्हा बनवा.

एसएसडी दिसली, कोरी आहे, तर 'न वाटलेली जागा' निवडून पुढे जा, पार्टिशनं विंडोजच करील. आधी वापरलेली डिस्क असेल तर शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडते, तिथे डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क, मग सिलेक्ट डिस्क आणि तिचा क्रमांक, मग क्लीन, मग कन्व्हर्ट जीपीटी. क्लीन 'नक्की का?' असं विचारत नाही. क्रमांक क्षमतेशी ताडून बघा, दोनदा.

त्याहून बरं म्हणजे इन्स्टॉल करताना एक सोडून बाकी सगळ्या डिस्का काढून ठेवणं. हा धडा मी स्वतः मार खाऊन शिकलो. एका मशीनमध्ये नवी एसएसडी लावली, जुनी हार्ड डिस्क आत तशीच ठेवली, विंडोज एसएसडीवर बसवली. दोन वर्षं सगळं छान. मग जुनी हार्ड डिस्क खरखर करू लागली म्हणून काढली, आणि मशीन बूटच होईना. विंडोज एसएसडीवर होती, पण तिला सुरू करणारं ईएफआय पार्टिशन इन्स्टॉलरने त्या जुन्या डिस्कवर आधीच असलेल्या पार्टिशनमध्ये कोंबलं होतं. दुरुस्त झालं, पण एक अख्खी रात्र गेली, आणि तीही दुसऱ्याच्या मशीनवर.

फाइली कॉपी होताना इन्स्टॉलेशन अडलं तर कुठे अडतं ते टिपून ठेवा. दर वेळी त्याच टक्क्यावर अडत असेल तर आयएसओ किंवा पेनड्राइव्ह. दर वेळी निराळ्या जागी, निराळ्या संदेशासह अडत असेल तर आता रॅमवर संशय घ्यायला जागा आहे. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन निदान एक पूर्ण फेरी चालवा. एक जरी लाल ओळ आली तरी ती चूकच; 'फक्त एकच आहे' अशी सूट इथे नसते. मग एकेक पट्टी वेगळी तपासा.

आणि एक गंमत. कॉपी संपली, मशीन रिस्टार्ट झालं आणि पुन्हा भाषा निवडायचं पहिलंच पान आलं, तर काही बिघडलेलं नाही. क्रमात पेनड्राइव्ह वर असल्यामुळे मशीन पुन्हा त्यावरूनच बूट झालं. पहिल्या रिस्टार्टच्या क्षणी पेनड्राइव्ह उपसून घ्या. पुढचं सगळं एसएसडीवर आलेलं असतं. याच चक्रात तीनदा फिरून 'विंडोज बसतच नाही' म्हणणारे भेटले आहेत.

लिनक्स बसवणाऱ्यांसाठी एकच ओळ: मेन्यू दिसतो आणि त्यानंतर स्क्रीन काळी होते, तर बूटच्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' जोडून बघा. ग्राफिक्स कार्ड नवं आणि त्या आवृत्तीतला ड्रायव्हर जुना, असा तो मामला असतो.

आता ज्यांना बायोसही दिसत नाही त्यांच्याविषयी. तुमचा प्रश्न तो नाही, पण रॅम परत लावूनही काळोख राहिला तर तुम्हीही याच रांगेत याल. सगळ्यात आधी मॉनिटरची केबल कुठे लावली आहे ते बघा. ग्राफिक्स कार्ड असेल तर केबल कार्डात हवी, बोर्डात नको. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ आहे त्यांच्यात ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे बोर्डाचा एचडीएमआय पोर्ट त्यांच्यासोबत नुसता शोभेचा. मग प्रोसेसरची वीज: बोर्डाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातला ८ पिनांचा प्लग. २४ पिनांचा मोठा प्लग लावला की काम झालं असं वाटतं, पंखे फिरतात, दिवे लागतात, आणि प्रोसेसर उपाशी बसलेला असतो. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग त्याच्यासारखाच दिसतो पण तो नव्हे. केबलवर सीपीयू लिहिलेली शोधा.

मशीन दोन सेकंद सुरू होऊन बंद पडत असेल तर शॉर्टचा संशय घ्या. कॅबिनेटच्या पत्र्यावर बोर्डाखाली पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे आधार) असतात. बोर्डाला भोक नाही तिथे एखादा जास्तीचा राहिला तर तो मागून टोचतो. बोर्ड बाहेर काढून त्याच्याच खोक्यावर ठेवा, फक्त प्रोसेसर, कूलर, एक रॅम आणि गरज असेल तर ग्राफिक्स कार्ड लावा, आणि पॉवर स्विचच्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरने क्षणभर जोडा. बाहेर चालतं आणि आत चालत नाही, तर दोष कॅबिनेटमध्ये बसवण्यात आहे. कूलर काढलाच आहे तर त्याच्या तळाची प्लास्टिकची पातळ फिल्म सोलली होती का तेही बघून घ्या.

प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बायोसला तो ओळखताच येत नाही. एएमडीच्या बी६५० चिपसेटचे बोर्ड २०२२ मध्ये आले, एएमडीच्याच रायझन ९००० प्रोसेसरांची मालिका २०२४ मध्ये. तेव्हापासून खोक्यात पडून राहिलेल्या बोर्डाला ही मालिका ठाऊक असणं शक्यच नाही. बोर्डाला फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न लावताही बायोस नवा करता येतो: फॅट३२ चा पेनड्राइव्ह, बोर्डाच्या कंपनीने सांगितलेलं नेमकं फाइलनाव, नेमून दिलेला पोर्ट, २४ आणि ८ पिनांची वीज, आणि दिवा लुकलुकायचा थांबेपर्यंत धीर.

एक गोष्ट मात्र अजिबात करू नका. मॉड्युलर (केबला सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर दुसऱ्या एसएमपीएसच्या केबला उसन्या घेऊ नका, प्लग बसत असला तरी. एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांची, वेगळी असते. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क त्या क्षणी संपते.

परत पाठवण्याबद्दल विचारलंत. रॅमची एकच पट्टी ए२ मध्ये, सीमॉस पुसलेला, बोर्ड खोक्यावर, वीस मिनिटं वाट पाहिलेली, आणि एका पट्टीवर चालतं, दुसरीवर नाही, तर रॅम परत करा. संच म्हणून घेतली असेल तर दोन्ही पट्ट्या. दोन्ही पट्ट्या ए२ मध्ये चालतात पण बी२ मध्ये एकही नाही, तर आधी कूलरचे स्क्रू थोडे सैल करून बघा, कारण जास्त आवळल्यामुळे प्रोसेसर तिरका दबून रॅमचं एक चॅनल गायब होतं. मग प्रोसेसर काढून सॉकेटमधल्या पिना तिरक्या उजेडात बघा. एखादी वाकलेली दिसली तर काही न करता आधी फोटो काढा. आणि पट्ट्या मूळ जागी लावल्यावर बायोस पहिल्यासारखा उघडला, तर काहीच परत करू नका. नवा पेनड्राइव्ह बनवा आणि यूईएफआय लिहिलेल्या ओळीवरून बूट करा. तरीही बायोसमध्येच आलात तर बूट मेन्यूचा फोटो, बोर्डाचं नाव आणि पेनड्राइव्ह कुठल्या टूलने, कुठले पर्याय निवडून बनवला ते कळवा.